बलाचा क्षण



अकरावी शास्त्राचे वर्ग सुरू झाले, की मराठी किंवा उर्दू शाळेतून आलेली दोन-चार मुले तास संपल्यावर माझ्यापाशी थांबतात. प्रश्न ठरलेला असतो : "सर, रोज इंग्रजीचे किती शब्द पाठ करू?" कुणाच्या हातात अवघड शब्दांच्या याद्यांचे पुस्तकही असते. त्यातले कित्येक भारदस्त शब्द चाळिशी उलटली तरी मला स्वतःला कधी वापरावे लागलेले नाहीत!

ही घोकंपट्टी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात वेळ जातो तो जातोच, पण शब्द आपल्याला आला असा खोटा भरवसाही वाटू लागतो. 'मोमेंट ऑफ फोर्स' म्हणजे काय, असे एकदा मी वर्गात विचारले. एक मुलगा उठून म्हणाला, "बलाचा क्षण." वर्ग हसला आणि तो मुलगा पुढे कित्येक दिवस तोंड उघडेना. खरे तर त्याचे पाठांतर चोख होते. मोमेंट म्हणजे क्षण, असेच कोशात सापडते. पण घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही आणि लांब पान्याने सहज फिरतो, तेव्हा जे वाढते ते मोमेंट, म्हणजे बल आणि आसापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार. मोमेंट, मोमेंटम, मोशन, मोटर ही सारी लॅटिनमधल्या 'हलणे' या अर्थाच्या एकाच क्रियापदाची लेकरे आहेत. हे कळले, की चार शब्द एकदम ओळखीचे होतात.

आपल्या भिवंडीच्या मुलांजवळ तर मोठेच भांडवल आहे. 'स्पेस शटल' मधल्या शटलचा अर्थ मी विचारला, तेव्हा 'अवकाशयान' हे पाठ केलेले उत्तर लगेच आले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "सर, शटल म्हणजे धोटा ना?" तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे जातो आणि परत येतो. १९८१ ते २०११ या काळात उडालेली अमेरिकेची ती याने जाऊन परत येणारी होती, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. शब्द तिच्या घरातच होता. त्याचे विज्ञानाशी नाते आहे, हे तिला तोवर कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

शब्दांची भीती वाटते त्यांनी मायकेल फॅरडेची गोष्ट ध्यानात ठेवावी. लोहाराचा हा मुलगा जेमतेम शिकलेला होता आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत वाढला. द्रावणातून वीज जाताना काय होते, हे त्याने प्रयोगांनी जाणले. पण त्याला नावे सुचेनात. १८३४ साली त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून विचारले. त्यांनी ग्रीक भाषेतून अॅनोड आणि कॅथोड हे शब्द सुचवले : वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. 'आयन' म्हणजे जाणारा. आधी वस्तू कळली, शब्द मागाहून आला.

शिक्षकबंधूंना एक विनंती. नव्या संज्ञेचा अर्थ मुलाला आधी त्याच्या भाषेत, हातवारे करून का होईना, सांगू द्या. इंग्रजी व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहा. परीक्षेला इंग्रजी लागते हे मलाही मान्य आहे. परंतु अर्थ कळलेली व्याख्या मुलगा विसरला, तरी स्वतः पुन्हा रचू शकतो.

आता एक शब्द तुमच्यासाठी. मागावर ताण्याचे सूत गुंडाळतात तो बीम, छताला आधार देतो तो बीम, तराजूची दांडी बीम आणि टॉर्चचा झोतही बीमच! जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'झाड' असा होता. झाडापासून उजेडापर्यंत तो कसकसा पोहोचला असेल, ते वहीत लिहून पाहा आणि तुमच्या सरांना किंवा बाईंना दाखवा.