सही करण्यापूर्वी

एका भगिनीचं पत्र आलंय. यजमानांच्या तळपायावरचा काळा डाग मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला. आता तो फुप्फुसात पसरलाय. डॉक्टरांनी विचारलं, ‘दोन औषधं एकत्र देण्याची चाचणी चालू आहे, नाव घालायचं का?’ बाई लिहितात, ‘ताई, माझ्या माणसाला प्रयोगाचा उंदीर तर करणार नाहीत ना?’

बाई, तुमची भीती खोटी नाही. मी काही डॉक्टर नव्हे. पण वाचून-विचारून जे समजलं ते सांगते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. त्या बेफाम होऊ नयेत म्हणून त्यांना लगाम असतात. इपिलिमुमॅब हे औषध एक लगाम सैल करतं, निव्होलुमॅब दुसरा. दोन्ही एकदम सोडले तर? हे घरबसल्या तर्कानं कळत नाही. म्हणून २०१३ पासून ९४५ रुग्णांचे तीन गट करून पाहिलं. दहा वर्षांनी एकट्या इपिलिमुमॅबच्या गटात शंभरातले १९ हयात होते, एकट्या निव्होलुमॅबच्या गटात ३७ आणि दोन्ही घेणाऱ्यांत ४३. पूर्वी या अवस्थेतले बहुतेक रुग्ण वर्षही काढत नसत!

पण लगाम सुटलेलं घोडं आपल्याच शेतात शिरतं. दोन्ही औषधं घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना जबर त्रास झाला. जुलाब, यकृताला सूज, अंगावर पुरळ, असं बरंच काही.

शिवाय ते रुग्ण बहुतेक गोरे. आपल्याकडे हा रोग तळपाय, तळहात, नखांखाली जास्त दिसतो आणि त्या प्रकाराला ही औषधं कमी लागू पडतात. म्हणूनच नव्या जोड्या तपासून पाहाव्या लागतात.

तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा: कुठल्या गटाला काय मिळणार? गट कसे ठरणार? औषधांचा नि तपासण्यांचा खर्च कोणाचा? रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? चाचणीत न जाता दुसरा कोणता उपचार आहे? संमतीचा कागद मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. घरी आणून सावकाश वाचा. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं. त्यासाठी नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही. आणि निर्णय यजमानांना घेऊ द्या, देह त्यांचा आहे.

बाकीच्या मैत्रिणींनो, आज पाय धुताना तळवे आणि नखं नीट पाहा, घरच्यांचीही. डाग वाढतोय, रंग बदलतोय, कडा वेड्यावाकड्या होताहेत असं दिसलं तर ‘चामखीळ असेल’ म्हणत चुना लावत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. डाग लहान असतानाच काढला, तर पुष्कळदा एवढ्यावरच निभावतं.