समन्स दारावर, हुकूमनामा डोक्यावर!

दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाविरुद्ध निकाल देऊ नये, हे न्यायाचे आद्य तत्त्व होय. परंतु आपल्यावर दावा झाला आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, तो आपले म्हणणे मांडणार तरी कसे? न्यायदानाचा खरा आरंभ न्यायाधीशाच्या आसनापासून होत नाही. समन्स घेऊन जिना चढणाऱ्या बेलिफापासून होतो. आणि नेमकी हीच पहिली पायरी कच्ची राहते, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

कायदा मात्र कच्चा नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा पाचवा आदेश सांगतो की, समन्स शक्यतो प्रतिवादीच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या हाती द्यावे. तो न भेटल्यास त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस द्यावे. घरच्या नोकराला देऊन भागणार नाही. योग्य तो प्रयत्न करूनही कोणी भेटत नसेल, तरच ते बाहेरच्या दारावर चिकटवावे. आणि घर कोणी दाखविले, कोणासमक्ष चिकटविले, त्याचे नाव व पत्ता अहवालात लिहावा. अहवालास प्रतिज्ञापत्राची जोड नसेल, तर बेलिफाची शपथेवर तपासणी केलीच पाहिजे.

आता एखाद्या चाळकऱ्याचे उदाहरण घ्या. चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आहे, बिऱ्हाड दूर उपनगरात हलले आहे, आणि समन्स जुन्या खोलीच्या कुलूपबंद दारावर डकविले जाते. 'घर बंद आढळले' या तीन शब्दांवर विश्वास ठेवून दावा एकतर्फी चालतो. हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय आहे, हे खरे. पण हुकूमनामा कळल्यापासून मुदत अवघी ३० दिवसांची, आणि समन्स रीतसर बजावले गेले नाही हे न्यायालयास पटविण्याचा भार त्या बिचाऱ्यावरच!

प्रतिवादी सारेच साधुसंत असतात, असे आम्ही म्हणत नाही. बेलिफ दिसताच दार लावून घेणारे आणि वादीला वर्षानुवर्षे झुलविणारे महाभागही आहेत. त्यांच्यासाठी २००२ च्या दुरुस्तीने कुरियर, फॅक्स व ई-मेल यांची वाट मोकळी केली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेली व उघडली गेलेली नोटीस मान्य केली. जुलै २०२० मध्ये कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयानेही अशा साधनांना मुभा दिली. हे स्वागतार्ह आहे. तथापि, हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले, हेही विसरता कामा नये. जेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते, तेथे निळ्या खुणांवर विसंबून चालत नाही. मग जेथे राहते घर पणाला लागते, तेथे गोंदाच्या चार ठिपक्यांवर विसंबावे काय?

आमची मागणी साधी आहे. एकतर्फी आदेश देण्यापूर्वी न्यायालयाने बेलिफाचा अहवाल स्वतः वाचावा व शंका येताच त्याला शपथेवर विचारावे. दारावर चिकटविलेल्या समन्साचे वेळेसह छायाचित्र जोडले जावे. प्रतिवादीचा ठाऊक असलेला नवा पत्ता व दूरध्वनी क्रमांक वादीने दडविल्यास त्याला त्याचा जाब द्यावा लागावा.

न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्याला न्याय मिळावा, हे योग्यच. पण न्यायालय ज्याचे दार ठोठावते, त्यालाही ती थाप ऐकू गेली पाहिजे!