येत्या रविवारपासून गाडी उचलली जाईल

येत्या रविवारपासून आपल्या मराठी शाळेच्या वेळेत कॉलेजच्या आवारात चुकीच्या जागी उभी असलेली गाडी टो करून नेली जाईल. आधी फोन येणार नाही. वर्गावर्गात जाऊन कोणी नंबर वाचून दाखवणार नाही, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘ही कोणाची?’ असं विचारलं जाणार नाही. गाडी सोडवून आणण्याचा खर्च, वेळ आणि मनस्ताप मालकाचा. विनंत्या करून झाल्या, हात जोडून झाले, पालकसभेत समजावून झालं. ही शेवटची ताकीद आहे.

अल्फारेटा, कमिंग, जॉन्स क्रीक, रॉझवेल इथल्या ज्या घरातलं मूल रविवारी या आवारात येतं, त्या प्रत्येक घराने हे शेवटपर्यंत वाचावं. जे गाडी नीट लावतात त्यांनीही वाचावं, कारण डोळ्यांदेखत चुकीची गाडी लागते आहे हे पाहून गप्प राहणाऱ्यांमुळेच गोष्टी या थराला आल्या.

हे आवार आपलं नाही. कॉलेजचे वर्ग रविवारी रिकामे असतात म्हणून ते आपल्याला भाड्याने मिळतात. करारात भाड्याच्या रकमेइतकीच ठळक एक अट आहे: आवारातले पार्किंगचे आणि वाहतुकीचे सर्व नियम पाहुण्यांनाही लागू. त्या अटीवर आपल्या संस्थेची सही आहे. कॉलेजकडून आपल्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी आल्या आहेत, आणि दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की तिसरी वेळ आली तर चालू सत्रातच जागा काढून घेतली जाईल. उत्तर फुल्टनमध्ये एवढे वर्ग, एवढं पार्किंग, रविवारची वेळ आणि आपल्याला परवडेल असं भाडं हे सगळं एकत्र पुन्हा मिळणं कठीण आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची, भारती विद्यापीठाशी जोडलेली परीक्षा देण्यासाठी मुलं वर्षभर बाराखडीपासून घाम गाळतात. चार गाड्यांच्या आळसापायी त्यांची शाळा बंद पडू दिली जाणार नाही.

आता एकेक गोष्ट स्पष्ट सांगतो.

इमारतीच्या दारालगत दिव्यांगांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर तिरप्या पट्ट्यांनी आखलेली मोकळी जागा आहे. आपल्यातल्या अनेकांना ती पट्ट्यांची जागा म्हणजे ‘उरलेली जागा’ वाटते. ती उरलेली नाही. व्हीलचेअरच्या व्हॅनचा बाजूचा दरवाजा उघडतो, त्यातून लोखंडी उतार बाहेर येऊन जमिनीला टेकतो आणि त्याच्या पुढे खुर्ची वळवायला जागा लागते. त्यासाठीच व्हॅनच्या जागेला आठ फूट रुंद पट्टा ठेवायची पद्धत आहे. गेल्या गणेशोत्सवात एका आजोबांची व्हॅन नेमून दिलेल्या जागी नीट उभी होती. आरती संपून ते बाहेर आले तेव्हा पट्ट्यांवर कोणीतरी एसयूव्ही घुसवलेली होती. दरवाजा उघडला, उतार अर्धा बाहेर आला आणि एसयूव्हीच्या दाराशी अडकून थांबला. मुलाने व्हॅन मागे घेऊन भर रस्त्यात उभी केली, मागून गाड्या हॉर्न देत होत्या, आणि आजोबांना त्या गाड्यांच्या मधोमध खुर्चीसकट आत चढवावं लागलं. एसयूव्हीचा मालक आला तो प्रसादाची पिशवी हातात घेऊन, आणि म्हणाला, ‘पाचच मिनिटं लावली होती.’

जॉर्जियाच्या कायद्यात या गुन्ह्याला १०० ते ५०० डॉलर दंड आहे आणि गाडी उचलून नेण्याची तरतूद आहे. आणखी एक बजावून सांगतो. आरशाला टांगायचं दिव्यांगांचं कार्ड माणसासाठी असतं, गाडीसाठी नसतं. आजी घरी आहेत आणि त्यांचं कार्ड लावून मुलगा किंवा सून दाराशी गाडी लावते, तर तो त्या सवलतीचा सरळसरळ गैरवापर आहे. तोही यापुढे खपवून घेतला जाणार नाही.

फायर लेनचंही तसंच. लाल रंगाची कड आणि त्यावर ठळक अक्षरं असताना तिथे फ्लॅशर लावून उभं राहणं हा आपल्याकडे नियमच झाला आहे. ‘मी आत बसलोय ना, लगेच काढतो’ ही सबब चालणार नाही. अग्निशमनाच्या नियमावलीप्रमाणे बंबाच्या वाटेला किमान २० फूट मोकळी रुंदी लागते. शिडीच्या बंबाचं नुसतं उभं राहून काम होत नाही. त्याचे आधाराचे पाय दोन्ही बाजूंना पसरून जमिनीवर रोवावे लागतात, तेव्हाच शिडी वर जाते. एका कडेला आपल्या गाड्यांची रांग असेल तर ते पाय कुठे टेकणार? आत दोन मजल्यांवर आपलीच मुलं बसलेली असतात, त्यांतली लहान मुलं पाच-सहा वर्षांची. अल्फारेटात पोलीस आणि अग्निशमन दल एकाच पब्लिक सेफ्टी खात्यात आहेत, त्यामुळे फायर लेन अडवल्याची तक्रार गेली की तिची दखल घेणारे लोक लांबून यायचे नाहीत. हायड्रंटपासून १५ फूट, चौकातल्या क्रॉसवॉकपासून २० फूट आणि स्टॉप साइनच्या अलीकडे ३० फूट गाडी उभी करता येत नाही, हा राज्याचा कायदा आहे. परवाना काढताना प्रत्येकाने तो वाचलेला आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगाची वाटते. शाळा सुटल्यावरची पंधरा-वीस मिनिटं मी जीव मुठीत धरून काढतो. मुलं दप्तर पाठीला लावून दोन गाड्यांच्या फटीतून धावत बाहेर येतात. पाच वर्षांचं मूल साधारण साडेतीन फूट उंच असतं आणि मोठ्या एसयूव्हीच्या बॉनेटची पुढची कड जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असते. चालवणाऱ्याला ते मूल दिसतच नाही. आवारात ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. १५ मैल म्हणजे सेकंदाला २२ फूट, ३० मैल म्हणजे ४४ फूट. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असं धरलं, तर ३० मैलांच्या वेगात ब्रेक लागण्याआधीच गाडी ६६ फूट पुढे गेलेली असते. त्यात फोनवर दोन सेकंद नजर गेली तर आणखी ८८ फूट. पार्किंग लॉटमध्ये दोन रांगांमधलं अंतर किती असतं ते एकदा उतरून पाहा.

फोन हातात धरून गाडी चालवायला जॉर्जियात १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. मांडीवर ठेवलेला, खांद्याने कानाशी धरलेला फोनही त्यात येतो. पहिल्या वेळी ५० डॉलर दंड आणि परवान्यावर एक पॉइंट, दुसऱ्या वेळी १०० आणि दोन, तिसऱ्या वेळी १५० आणि तीन. क्रॉसवॉकवर माणूस असेल तर नुसता वेग कमी करायचा नाही, पूर्ण थांबायचं आणि तो पलीकडे जाईपर्यंत थांबून राहायचं. स्टॉप साइनवरही चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रविवारी आवारात लागलेली सवय सोमवारी सकाळी स्कूल बसच्या मागे उफाळून येते. २०२४ च्या फेब्रुवारीत हेन्री काउंटीत बसकडे जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचा गाडीखाली जीव गेला. त्याच वर्षी तिच्या नावाने कायदा झाला आणि थांबलेल्या स्कूल बसला ओलांडण्याचा दंड किमान १००० डॉलरवर गेला. कायद्याला नाव मिळावं म्हणून आपल्या शाळेतल्या मुलाचा बळी जाऊ द्यायचा आहे का?

मोठ्याला वर्गात सोडताना धाकट्याला एसी चालू ठेवून गाडीत बसवून जाणारे पालक मी पाहिले आहेत. जॉर्जियाच्या उन्हात एसी बंद पडला तर बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे २० अंश फॅरनहाइट चढतं. यापुढे एकटं मूल गाडीत दिसलं की स्वयंसेवक तुम्हाला शोधत बसणार नाही. तो थेट ९११ ला फोन करील. त्यानंतर जे होईल ते तुम्ही आणि पोलीस पाहून घ्या.

परवाना नुकताच हातात पडलेल्या मुलामुलींच्या पालकांनी नीट ऐकावं. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत क्लास डी परवाना मिळाला की पहिले सहा महिने घरच्या माणसांखेरीज कोणालाही गाडीत बसवता येत नाही. ढोलताशाच्या सरावाला मित्रमैत्रिणींनी भरलेली गाडी घेऊन येणारी सोळा वर्षांची मुलं दर आठवड्याला दिसतात, आणि त्यांना किल्ली देणारे पालक आपल्यातलेच आहेत.

अटलांटातल्या विद्यापीठांत शिकणारी, एफ-१ व्हिसावरची मराठी मुलं आपल्याकडे शिकवायला आणि मदतीला येतात. त्यांना हे मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. पार्किंगच्या दंडाने कोणाचा व्हिसा जात नाही. पण जॉर्जियात वेगमर्यादा मोडणं, स्टॉप साइन मोडणं, परवान्याशिवाय गाडी चालवणं हे नुसत्या दंडावर भागत नाही, ते मिसडिमिनर या फौजदारी वर्गात मोडतं. एप्रिल २०२५ मध्ये देशभर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या सरकारी यंत्रणेतल्या नोंदी एकाएकी रद्द झाल्या, त्यांतल्या काहींच्या नावावर किरकोळ वाहतूक प्रकरणापलीकडे काही नव्हतं. अटलांटाच्या संघीय न्यायालयात १३३ जणांनी दावा लावला आणि न्यायाधीश व्हिक्टोरिया कॅल्व्हर्ट यांनी त्यांचा दर्जा तात्पुरता पूर्ववत करण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. न्यायालय धावून आलं, पण दरम्यानचे ते दिवस त्या मुलांनी कसे काढले असतील? नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही पोलिसांनी कधी सायटेशन दिलं आहे का, हा प्रश्न असतोच. आपण इथे परके आहोत म्हणून घाबरून राहा असं मी म्हणत नाही. टाळता येण्यासारखी नोंद स्वतःच्या नावावर चढवून घेऊ नका, एवढंच म्हणतो.

दुसऱ्याच्या गाडीला घासून चोरासारखं निघून जाणाऱ्यांना शेवटचं सांगतो. उभ्या गाडीला धक्का लागला तर मालकाला शोधायचं, नाही सापडला तर नाव-पत्त्याची चिठ्ठी काचेवर ठेवायची, ही कायद्याची सक्ती आहे. आवारात कॅमेरे आहेत. यापुढे अशा प्रकरणात संस्था मध्यस्थी करणार नाही, चित्रीकरणासाठी पोलिसांकडे जाण्याचा सल्ला देईल.

आता आमच्या बाजूने काय होणार ते. रविवारी प्रत्येक फाटकाशी पिवळं जाकीट घातलेला स्वयंसेवक असेल. तो जिथे सांगेल तिथे गाडी लावायची, मागचा लॉट लांब पडला तरी. चुकीची गाडी दिसली की तो नंबरासह कॉलेजच्या सुरक्षा कार्यालयाला कळवेल आणि पुढची कारवाई ते करतील. आम्ही मध्ये पडून कोणाची गाडी सोडवणार नाही, मग ती शाळेच्या शिक्षिकेची असो, कार्यकारिणीतल्या सदस्याची असो की खुद्द माझी. एका सत्रात दोनदा गाडी उचलली गेली तर त्या कुटुंबाला उरलेल्या सत्रात आवारात गाडी आणता येणार नाही. मुलाला दुसऱ्या कोणाच्या गाडीने पाठवावं लागेल.

आणि स्वयंसेवकांशी अरेरावी. मागच्या महिन्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने गाडी पुढे घ्यायला सांगितलं, तर तिला ‘तू कोण मला सांगणारी?’ असं चारचौघांत ऐकवलं गेलं. ती मुलगी दर रविवारी उन्हात तीन तास फुकट उभी राहते, तुमचं मूल गाडीखाली येऊ नये म्हणून. असा शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून निघाला तर त्या कुटुंबाचा प्रवेश त्याच दिवशी रद्द होईल आणि शुल्क परत मिळणार नाही. याला अपवाद नाही, माफीनामाही नाही.

ज्यांना हे नियम जाचक वाटतात त्यांनी येत्या शुक्रवारी रात्रीपर्यंत शाळेला लेखी कळवावं. त्यांचं उरलेल्या सत्राचं शुल्क परत केलं जाईल आणि मुलाची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली जाईल. जो कळवणार नाही, त्याला हे नियम मान्य आहेत असं धरून रविवारपासून अंमलबजावणी होईल.