भित्र्या कुत्रीबरोबर चालताना

माझ्या घरी कुत्री आहे. मुसलमान बाई, त्यातून उर्दू शाळेत शिकवणारी, आणि फजरनंतर हातात पट्टा धरून फिरायला निघते, यावर मोहल्ल्यात बरंच बोललं जातं. बोलणारे वाईट नाहीत. एका बुजुर्ग चाचांनी रस्त्यात थांबवून विचारलं, “टीचर, कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे तुम्हाला आम्ही सांगायचं का?” मला ते ठाऊक आहे. पण आपली चर्चा तिथेच थांबते, म्हणून पुढचं लिहिते.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मसलकात कुत्रा नापाक. त्याची लाळ किंवा ओलं अंग लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. हनफी लाळ नापाक मानतात, अंग नाही. मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात. मी माझ्या मसलकाप्रमाणे चालते. लाली पडवीत राहते, तिची भांडी वेगळी, माझा फिरायचा कुर्ता वेगळ्या खुंटीवर. शिकार, गुरं आणि शेत यांच्यासाठी कुत्रा पाळायची सूट हदीसमध्येच आहे, आणि घराची राखण त्यात धरणारे फकीह आहेत. लाली रात्री कोंबड्यांची खुराडी राखते. निदान तिचा तसा समज आहे.

माझं म्हणणं एवढंच की तहारत हा धुण्याचा मसला आहे. त्यातून दगड मारायची मुभा कुठून निघाली? तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामड्याच्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची मगफिरत झाली, ही हदीस आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. जुम्म्याला सूरे कहफ वाचतो. त्यात अस्हाबे-कहफच्या कुत्र्याचा उल्लेख चार वेळा येतो, आणि तो उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. आत नाही, पण हाकललेलाही नाही.

लाली आली तेव्हा साधारण दीड वर्षांची असेल. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली नव्हे, थेट मोरीच्या कोपऱ्यात, असं पहिल्याच दिवशी झालं. पडवीची शिस्त नंतर लागली. मोटरसायकल, छत्री, हातात काठी असलेला कुणीही, पळणारी मुलं, या सगळ्यांची तिला दहशत. आपल्याकडे भित्रा कुत्रा म्हणजे शेपूट पायात घालून पळणारा, एवढंच लोकांना दिसतं. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. झोप आलेली नसताना जांभई देणं, उगाच ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, अंग ओलं नसताना झाडणं. या खुणांकडे दुर्लक्ष झालं की गुरगुरणं येतं, आणि त्यावर धपाटा घातला की पुढच्या वेळी न गुरगुरता चावा येतो. “दोन फटके दिले की सरळ होईल” हा सल्ला मला शाळेतही मिळतो, मुलांच्या बाबतीत.

बी.एड.ला पाव्हलॉव्ह होताच. घंटा, अन्न, लाळ. टीप लिहिली आणि विसरून गेलो. (त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनाच्या संशोधनासाठी, हे मात्र पेपरात कुणी विचारलं नाही.) लालीबरोबर मी तेच रोज करते. लांब मोटरसायकल दिसली की तिच्या तोंडात उकडलेल्या कलेजीचा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी मोटरसायकल, मग कलेजी. आणि अंतर एवढं हवं की तिला खाता येईल. कलेजी नाकासमोर असून ती तोंड फिरवत असेल, तर आम्ही फार जवळ आहोत. मुकाट्याने मागे फिरायचं. धाक मोडावा म्हणून तिला गर्दीत ओढत नेणं म्हणजे पाण्याला भिणाऱ्या पोराला खाडीत ढकलणं. एखादं पोर पोहायला शिकतंही, पण ढकलणाऱ्याचा हात ते विसरत नाही.

म्हणून आमचं फिरणं भाट्याच्या सुरूच्या बनात. पहाटे तिथे माणूस कमी. गळ्यात पट्टा नाही, छातीवर हार्नेस, त्याला लांब दोरी. पहिले काही आठवडे आम्ही अर्ध्या तासात पन्नास पावलंही चाललो नसू. ती एकेक बुंधा हुंगायची, मी उभी. कुत्र्याला हुंगणं म्हणजे आपल्याला वर्तमानपत्र, असं म्हणतात. मला तर ते त्याहून बरं वाटलं, कारण हुंगताना तिचे खांदे सैल पडतात आणि वर्तमानपत्र वाचताना माझे आवळतात. आता ती भरतीच्या रेषेपर्यंत जाते, कुर्ल्यांच्या बिळांत नाक घालते, कधी उगाचच गोल गोल धावते. फिरणं म्हणजे अंतर कापणं हा माझाही समज तिच्यामुळे गेला. तो अर्धा तास मोबाइल घरी असतो, आणि वह्या तपासायच्या राहिल्यात हेही आठवत नाही.

फटाक्यांच्या दिवसांत हे सगळं मोडतं. भीती साचते, एका रात्रीचे फटाके झाले की पुढचे दोन-तीन दिवस ती पानाच्या सळसळीलाही दचकते. तेव्हा आम्ही फिरायला जातच नाही. आणि हा विषय फक्त दिवाळीचा आहे, असं आपल्या लोकांनी म्हणू नये. शबे-बरातला आपल्याच गल्लीत सुतळी बॉम्ब फुटतात, वरातीत फुटतात, मॅच जिंकली की फुटतात. इबादतीच्या रात्री बॉम्ब कशासाठी, हे मशिदीतून सांगायला काय हरकत आहे?

मुलांना मी माझ्यापुरतं सांगितलंय: तिच्याकडे टक लावून बघू नका, वरून हात आणू नका, धावू नका, दगड नाही. लस दरवर्षी टोचलेली आहे, कार्ड बघायला या. एकदोन मुलं खरंच आली. त्यातल्या एकीने लांबून कलेजीचा तुकडा टाकला आणि लगेच विचारलं, “टीचर, आता हात किती वेळा धुवायचा?” तिला सांगितलं, लाली लागलीच नाही तुला, एकदा साबणाने पुरे.

भाट्याच्या पुलावरून ती अजून चालत नाही. एस.टी. गेली की पूल हादरतो, तिला ते सोसत नाही. रिक्षा करावी लागते. रिक्षावाले भाई मागच्या सीटवर गोणपाट अंथरतात, वीस रुपये जास्त घेतात, आणि पुलावर हॉर्न वाजवत नाहीत.