रानातलं घर विकताना



खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून, जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूंनी, हल्ली एकच बातमी पुन्हा पुन्हा कानावर येते. अमक्यांनी घर विकायला काढलंय. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, परसात फणस आणि कुंपणापलीकडे रान. म्हातारी माणसं देवाघरी गेली. मुलं कामधंद्यासाठी बेळगाव, गोवा, पुणे, आखात अशी पांगली. दर पावसाळ्यात कौलं सरकतात, तुळयांना वाळवी लागते. शिवाय 2020 मध्ये कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. त्यामुळे घराला लागून असलेलं शेतही आता शहरातलं गिऱ्हाईक मागू शकतं.

अशा वेळी आपल्यात दोन सूर ऐकू येतात. काही जण म्हणतात, वाडवडिलांचं घर विकणं पाप आहे, आणि नाबोथाचा दाखला देतात. काही म्हणतात, घर आमचं, पैसा आमचा, यात चर्चचं काय काम? आम्हांला दोन्ही पटत नाही. अहाब राजा याहून चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार असतानाही नाबोथ हटला नाही, हे खरं. पण तो मळा राखत होता. ज्या दाराचं कुलूप वर्षातून एकदा निघतं, त्या दाराच्या मालकाने नाबोथाचं नाव जरा जपून घ्यावं.

लेवीयच्या 25व्या अध्यायात एक नियम आहे, तो वाचताना सहसा निसटतो. तटबंदीच्या नगरातलं घर विकलं, तर ते वर्षभरातच सोडवता येई. पुढे ते कायमचं घेणाऱ्याचं होई. तट नसलेल्या खेड्यातलं घर मात्र शेतासारखंच मानलं जाई. ते सोडवण्याचा हक्क संपत नसे, आणि 50व्या, योबेल वर्षी ते मूळ कुटुंबाकडे परत येई. कारण जमीन परमेश्वराची, आपण तिच्यावर उपरे. म्हणजे खेड्यातलं घर विकायला शास्त्राची मनाई नव्हती, पण त्याच्याशी कुटुंबाचं नातं तुटू नये अशी काळजी होती.

आपल्या खरेदीखतात योबेल वर्ष नसतं. एकदा सही झाली की परतीची वाट नाही. म्हणून ती काळजी सहीच्या आधी घ्यायला हवी.

पहिली गोष्ट, एजंटाच्या आधी आपल्या माणसांना विचारा. यरुशलेमला वेढा पडलेला, स्वतः यिर्मया पहाऱ्यात, तरी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत घेऊन त्याच्याकडेच आला, आणि यिर्मयाने ते 17 शेकेल रुपं मोजून घेतलं. आपल्याकडेही कुणी चुलतभाऊ किंवा भाचा ते घर सांभाळायला तयार असेल. त्याला दोन पावसाळ्यांची सवड द्या, हप्त्याने पैसे घ्या. इतकी वर्षं घरात दिवा लावणारं शेजारचं कुटुंब असेल, तर त्यालाही सौदा ठरण्याआधी कळू द्या.

दुसरी गोष्ट बहिणींची. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं परमेश्वरानेच सांगितलं. आपल्याकडे 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती आईवडिलांच्या मालमत्तेत मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच आहे. तरी लग्नाचा खर्च मोजून दाखवायचा, एक साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे आपल्या घरांत चालतं. बहिणीने मन मोकळं करून हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण माहेर तुटेल या भीतीने तिने केलेली सही देवापुढे सही नव्हे.

तिसरी गोष्ट पैशांची. बर्णबाने शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायांशी ठेवली. हनन्या आणि सप्पीरा यांनीही जमीन विकली. पेत्राने त्यांना विकल्याबद्दल बोल लावला नाही. विकलेल्याचे पैसेही तुमच्याच हाती होते, असं त्याने सांगितलं. त्याने दोष दिला तो खोटेपणाला. मग कागदावर एक किंमत आणि हातात दुसरी, हा आपला रिवाज कोणत्या बाजूला बसतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

घर विकलं तरी गावच्या चर्चमागच्या कबरी तिथेच राहतात. 2 नोव्हेंबरला तिथे मेणबत्ती लावायला जाताना जुन्या दारावरून जावं लागेल. त्या वाटेवर बहीण, चुलतभाऊ आणि शेजारी यांपैकी कुणापुढेही मान खाली घालावी लागू नये, असा व्यवहार करण्याची बुद्धी प्रभू येशू आपल्या घराण्यांना देवो. आमेन.