शरीरातला धातू आणि शल्यविशारदाची नोंदवही

#थ्रेड

१/ मोडलेले हाड धातूच्या पट्टीने सांधणे, झिजलेला खुबा काढून कृत्रिम सांधा बसवणे, वाकलेला कणा कांब घालून सरळ करणे या शस्त्रक्रिया आज नित्याच्या झाल्या आहेत. त्यांचा इतिहास सांगताना मात्र 'अमक्याने अमके उपकरण शोधले' एवढ्यावरच बोळवण होते. हा इतिहास अर्धा आहे. उपकरणाइतकेच मोल आहे ते ज्यांच्या शरीरात बसवले, त्या माणसांच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या हिशेबाला.

२/ प्रारंभीची अडचण धातूचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाडांना पट्ट्या व स्क्रू बसू लागले. पण शरीरातील क्षारयुक्त द्रवात ते गंजत. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत व्हेनेबल आणि स्टक यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की दोन भिन्न धातू शरीरात एकत्र आले तर विजेच्या घटासारखी क्रिया घडते आणि भोवतालचे हाड खराब होते. कोबाल्ट-क्रोमियमचा 'व्हायटॅलियम' हा मिश्रधातू त्यानंतर अस्थिशल्यात रुळला.

३/ पुढील दोन नायकांचे जन्मवर्ष एकच, १९११. पहिले ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे पोलिओची साथ होती. स्नायू दुर्बळ झाल्याने मुलांचे कणे वाकत. प्लास्टरचा साचा हा तेव्हाचा प्रचलित उपाय; पण ज्यांच्या श्वसनाचे स्नायूही दुबळे झाले होते, त्यांना तो सोसवत नसे.

४/ हॅरिंग्टन यांनी कण्याच्या अंतर्वक्र बाजूस वर-खाली आकडे अडकवून त्यांच्यामध्ये खाचांची पोलादी कांब बसवली. मोटारीच्या जॅकप्रमाणे एकेक खाच पुढे सरकवली, की आकडे दूर जात आणि कणा सरळ होई. कल्पना सुरेख होती. तरीही काही काळाने आकडे निसटू लागले, कांबी मोडू लागल्या.

५/ रुग्णांचा सतत मागोवा घेतल्यामुळे कारण उमगले. कोणताही धातू अखंड हालचालीने थकतो. म्हणून कांब मोडण्यापूर्वी मणके हाडाने एकमेकांशी सांधले जाणे आवश्यक होते. कांबेला अस्थिसंधानाची जोड मिळाली आणि १९६२ मध्ये हॅरिंग्टन यांचा विख्यात शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

६/ हिशेब तेथेही संपला नाही. कांबेच्या ताणाने कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन काही रुग्णांना ताठ उभे राहणे कठीण जाते, हे बऱ्याच वर्षांनी ध्यानात आले. पुढच्या पिढीची उपकरणे कण्याचा बाक राखण्याचा विचार करू लागली, ती या अनुभवातून.

७/ दुसरे नायक इंग्लंडचे जॉन चार्नली. एका रुग्णाचा ॲक्रिलिकचा कृत्रिम खुबा हालचालीबरोबर करकरे. त्या आवाजावरून चार्नली घर्षणाच्या प्रश्नाकडे वळले. मांडीच्या हाडात धातूचा लहान गोळा आणि ओटीपोटाच्या हाडात घसरट प्लास्टिकची वाटी, अशी रचना त्यांनी योजली. वाटीसाठी निवडले टेफ्लॉन.

८/ सुमारे ३०० रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. आरंभी वेदना थांबल्या, माणसे चालू लागली. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्यांच्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडवल्या. चार्नलींना त्याच रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

९/ त्यांनी टेफ्लॉन व पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत त्वचेखाली घालून घेतले. टेफ्लॉनभोवती गाठी आल्या; पॉलिएथिलीन जवळजवळ निरुपद्रवी ठरले. १९६३ मध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहून त्यांनी हे उघड केले.

१०/ पॉलिएथिलीन आले तेही अनपेक्षितपणे. यंत्रमागांची दंतचक्रे ज्याची बनत, ते हे प्लास्टिक एका विक्रेत्याने आणले होते. चार्नलींना ते टाकाऊ वाटले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही ते झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवले. तीन आठवड्यांत ते जेवढे झिजले, त्याहून अधिक टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे. नोव्हेंबर १९६२ पासून नव्या वाट्या बसू लागल्या.

११/ त्यानंतर चार्नलींनी आपला सांधा सरसकट बाजारात जाऊ दिला नाही. रायटिंग्टन रुग्णालयात येऊन शिकलेल्यांनाच तो प्रारंभी मिळे. मृत्यूनंतर सांधा तपासू द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत. टेफ्लॉनच्या बाबतीत त्यांनी घाई केली, हे खरेच. मात्र त्या घाईचे परिणाम शोधण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती.

१२/ हीच वृत्ती पुढे संस्थारूप झाली. स्वीडनमध्ये १९७५ साली गुडघ्यांची आणि १९७९ साली खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. कोणता सांधा किती वर्षे टिकतो, हे एका शल्यविशारदाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले नाही.

१३/ ही नोंद नसली की काय होते? २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला गेला. तो लवकर निकामी होतो, हे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या नोंदवह्यांतून दिसले होते. भारतात तो बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. पुढे केंद्राच्या समितीने भरपाईची शिफारस केली; पण साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा मागच लागला नाही.

१४/ नोंदींच्या सक्तीने खर्च वाढेल, नवी उपकरणे उशिरा येतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. उशिराची किंमतही रुग्णच मोजतो. परंतु नोंद ठेवणे म्हणजे उपकरण रोखणे नव्हे. ते वापरात येऊ द्यावे, मात्र कोणाच्या शरीरात कोणते गेले, हे दहा वर्षांनीही सांगता यावे.

१५/ बहुतेक रोपणांच्या वेष्टनात उत्पादन क्रमांकाचे स्टिकर असते आणि ते रुग्णालयाच्या केसपेपरवर चिकटवले जाते. तेच क्रमांक देशव्यापी नोंदवहीत जाणे सक्तीचे असावे आणि एक स्टिकर रुग्णाच्या हाती मिळावे. घरात कोणाचा गुडघा वा खुबा बदलला असेल, तर तो क्रमांक आजच मागून जपून ठेवावा.