पापण्यांची लांबी आणि आपले औषधालय

लग्नसराई जवळ आली की आमच्या चिकित्सालयात एक मागणी हमखास येते. 'पापण्या लांब आणि दाट दिसतील असे काही आयुर्वेदिक द्या.' मागणारी बहुधा नववधू असते, क्वचित तिची आई. महाद्वार रोडवरून मस्कारा आधीच खरेदी झालेला असतो, ब्यूटी पार्लरमध्ये कृत्रिम पापण्या चिकटवण्याची वेळही ठरलेली असते. आपल्याकडून हवे असते ते 'नैसर्गिक' जोडीदार औषध.

या हौसेला आम्ही नावे ठेवत नाही. रंगभूषा या गावाला नवीन नाही. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथली, १९२९ साली प्रभातची स्थापनाही येथेच झाली. मूकपटाच्या काळात तर नटीला बोलायचे असे ते डोळ्यांनीच. प्रश्न आहे तो या मागणीला वैद्याने आणि औषधविक्रेत्याने काय उत्तर द्यावे, हा.

प्रथम आमची स्वतःची कबुली. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात आम्हीही एरंडतेलाची एक छोटी बाटली 'पक्ष्मवर्धक' या चिठ्ठीसह देत असू. ती चांगली खपे. एरंडतेलाने केसाला चकाकी येते, त्यामुळे तो दाट भासतो, हे खरे. परंतु त्याची लांबी वाढते, या विधानाला भरवशाचा आधार नाही आणि तेव्हाही नव्हता. पक्ष्माचा केस मुळातच काही महिन्यांचा सोबती. त्याची प्रत्यक्ष वाढ महिना-दीड महिना चालते, मग तो थांबतो आणि यथाकाल गळून नवा येतो. मध्यंतरी जे काही लावले असेल त्याला श्रेय मिळते.

शास्त्राकडे वळावे तर अंजन हा दिनचर्येचा भाग आहे, हे आपणांस सांगणे नलगे. सौवीरांजन नित्य आणि रसांजन काही रात्रींच्या अंतराने स्रावणार्थ, असा चरक-वाग्भटांचा क्रम आहे. तेथे हेतू दृष्टीच्या प्रसादनाचा, नेत्राला असलेल्या कफभयाच्या निवारणाचा आहे. पक्ष्म लांब व्हावेत म्हणून अंजन घालावे, असे तेथे म्हटलेले नाही. पक्ष्मांचा विचार येतो तो व्याधीच्या संदर्भात. वाग्भटांनी वर्त्मरोगांत पक्ष्मशात वर्णिला आहे. पित्त पक्ष्मांच्या मुळाशी आश्रय घेते, कंडू व दाह होतो आणि मग केस झडतात. त्यावर तुळशीच्या रसाने भावित करून ताम्रपात्रात दहा दिवस ठेवलेल्या कासीसाचे अंजन सांगितले आहे. ते रोग्याचे औषध आहे. निरोगी डोळ्याच्या वधूसाठी ते कोणी प्रसाधन म्हणून विकू लागला, तर ग्रंथाचे नाव घेऊन ग्रंथाच्या विरुद्ध वागल्यासारखे होईल.

पक्ष्मशाताचा हा क्रम आम्हांला एका रुग्णेने पुन्हा वाचावयास लावला. विवाहाला अडीच महिने असताना ती तेल मागण्यास आली. डोळ्यांवर मस्काऱ्याचा थर होता. तो पुसून यावयास सांगितले तेव्हा वर्त्माची कडा लाल, केसांच्या मुळांशी कोंड्यासारखे पापुद्रे आणि बाहेरच्या कोपऱ्यातील केस जवळजवळ नाहीसे, असे चित्र दिसले. पूर्वी दोन समारंभांसाठी डिंकाने पापण्या चिकटवल्या होत्या, डिंक सुटेना म्हणून ओढून काढल्या होत्या, मस्कारा तर रात्री तसाच राहत असे. कंडू-दाह होता, पण तो कोणी विचारलाच नव्हता. आम्ही तिला प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. सर्व लेप बंद, कोमट पाण्याच्या बोळ्याने मृदू स्वेद, कडांची स्वच्छता आणि पित्तशामक आहार-औषधे, एवढेच केले. दोन महिन्यांत केस बरेच भरून आले. त्यात आमच्या औषधाचा वाटा किती आणि डिंक थांबल्याचा किती, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. तेलाची बाटली मुकाट्याने दिली असती तर मात्र काय झाले असते, ते सांगता येते.

लांबीचाच विचार करावयाचा तर निसर्गाने तिलाही माप दिले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसाची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्या मापाला वारा सर्वांत कमी आत शिरतो, डोळा कमी सुकतो आणि धूळही कमी बसते. केस त्याहून लांब झाले की तेच वारा डोळ्याकडे वळवू लागतात. उसाच्या गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर उडणारी धूळ ध्यानात घेता हे आम्हांला मोलाचे वाटते.

बाजारात आता याहून तीव्र गोष्टी आहेत. काचबिंदूवरील बिमाटोप्रोस्ट या थेंबांनी पक्ष्म वाढतात, हे खरे आहे. २००८ साली अमेरिकेत त्या उपयोगासाठी त्यास मान्यताही मिळाली. परंतु त्याने डोळ्यांची लाली, पापणीची त्वचा काळवंडणे आणि बुबुळाचा रंग कायमचा गडद होणे संभवते. हे थेंब चिठ्ठीशिवाय कोणी मागितले तर देऊ नयेत. सुरम्याच्या पुडीचेही तसेच. सौवीरांजन म्हणून अनेकदा जे विकले जाते ते शिशाचे खनिज असते. ज्या काजळावर घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक व निर्मात्याचा पत्ता नाही, ते केवळ 'घरगुती' म्हटले म्हणून आपल्या फळीवर ठेवू नये. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ ही वेगळी गोष्ट, पण तेही एकीचे दुसरीने वापरू नये. मस्काऱ्याला हाच नियम लागू आहे. उघडलेली कुपी तीन महिन्यांनंतर टाकून द्यावी, वाळली म्हणून तीत पाणी घालू नये.

'पक्ष्मवर्धक' बाटली आम्ही बंद केली तेव्हा औषधालयाच्या विक्रीत फरक पडला आणि तो भरून निघाला असे नाही. काही गिऱ्हाइके दुसरीकडे जातात, हे मान्य आहे.

एक गोष्ट मात्र औषधविक्रेत्यांच्या हाती पूर्णपणे आहे. १९३३च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग निघाला. त्यातील पॅराफेनिलिनडायमिनने स्त्रियांची दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला. १९३८ साली तेथे प्रसाधनांवर कायदा आला त्यामागे ही प्रकरणेही होती. तेच द्रव्य आज आपल्याकडील अनेक केशरंगांत आणि 'काळ्या मेंदी'त असते. म्हणूनच अशा केशरंगावर, तो भुवया वा पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते, अशी सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापणे आपल्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अक्षर बारीक असते. पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवावी.